४६ फोडणारा दुसरा, ३७ फोडणारा पहिला: क्ले पिजन नेमबाजीतला हँडिकॅप

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचे स्कीट, म्हणजे उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या, मिश्र सांघिक प्रकारातले कांस्यपदक अवघ्या एका लक्ष्याने हुकले. चीनच्या जोडीने ४८ पैकी ४४ लक्ष्ये फोडली आणि आपल्या जोडीने ४३. तिथला निकाल समजायला कोणाची मदत लागत नाही, कारण ज्याने जास्त फोडली तो पुढे. याच खेळाच्या क्लब पातळीवरच्या स्पर्धेत मात्र निकालाच्या फलकावर पन्नासपैकी ४६ फोडणारा दुसरा आणि ३७ फोडणारा पहिला दिसू शकतो, आणि धुळे-जळगावकडचा प्रेक्षक तो फलक वाचून ‘हाई कसं व्हयनं?’ असे विचारल्याशिवाय राहणार नाही. फलकात चूक नसते. ती स्पर्धा हँडिकॅपची असते. हँडिकॅप म्हणजे खेळाडूंच्या ताकदीतला फरक आधीच मोजून कच्च्या खेळाडूला दिलेली भर किंवा पक्क्या खेळाडूपुढे ठेवलेली अडचण. या प्रकाराचा दिव्यांगांच्या स्पर्धांशी संबंध नाही.

मुळात खेळ काय आहे

क्ले पिजन म्हणजे हवेत फेकली जाणारी बशीच्या आकाराची चकती. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली चकती ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची असते. डांबरासारखा काळा पिच आणि चुनखडीची भुकटी यांपासून ती साच्यात दाबून करतात. एकोणिसाव्या शतकात या खेळात जिवंत कबुतरे सोडत, पुढे काचेचे गोळे आले आणि १८८० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी चकतीचे पेटंट घेतले. भारताचे या खेळाशी नातेही जुने आहे. बिकानेरचे करणी सिंग यांनी १९६२ च्या कैरो इथल्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले होते आणि राज्यवर्धन सिंग राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे, म्हणजे एकदम दोन चकत्या सुटणार्‍या प्रकाराचे, रौप्य आणले.

चकती मारायला शॉटगन, म्हणजे छर्‍याची बंदूक वापरतात. आपल्याकडे जिला बारा बोअरची दुनळी म्हणतात, त्याच कुळातली ही बंदूक आहे. तिच्या काडतुसातून एक गोळी न जाता सुमारे तीनशे बारीक छर्रे निघतात आणि जसजसे पुढे जातात तसतसे पसरतात. नेमबाजाने ‘पुल’ म्हटले की यंत्र चकती फेकते. ट्रॅप प्रकारात ती नेमबाजापासून दूर पळते आणि स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन खोल्यांतून आडवी जाते. पंचाला हवेत चकतीचा निदान एक तुकडा वेगळा झालेला दिसला तर गुण मिळतो. नुसती धूळ उडाली तर तो गुण धरत नाहीत. पंचवीस चकत्यांची एक फेरी, आणि क्लबच्या स्पर्धेत सहसा अशा दोन किंवा चार फेर्‍या, एवढे लक्षात ठेवले की पुढचे समजायला पुरे.

जोड लावण्याची अडचण

जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच मल्लांची जोड लावतात. वजन, वय आणि नाव पाहून बरोबरीचे दोघे समोरासमोर आणतात, म्हणून कुस्ती रंगते. नेमबाजीत समोर माणूसच नसतो. सगळे एकाच यंत्रातून उडणार्‍या चकत्यांवर मारतात, त्यामुळे जोड लावायची सोय राहत नाही. वीस वर्षे सैन्यात बंदूक हाताळलेले निवृत्त सुभेदार, वर्षाआड कधीतरी मारणारा कापूस उत्पादक शेतकरी आणि क्लबच्या बंदुकीवर नुकती शिकू लागलेली विद्यार्थिनी हे तिघे एकाच यादीत येतात, आणि पहिले बक्षीस कोणाचे हे सगळ्यांना सकाळीच ठाऊक असते. असे तीन-चार वेळा झाले की पुढच्या स्पर्धेला सुभेदार आणि त्यांच्या तोडीचे दोघेच नाव नोंदवतात. हँडिकॅप ही जोड लावण्याचीच युक्ती आहे, पण इथे पंचाच्या नजरेऐवजी आकडेमोड जोड लावते.

भर कशी काढतात

सर्वांत सोप्या पद्धतीत प्रत्येकाच्या जुन्या गुणांची सरासरी काढतात, ती पूर्ण गुणांतून वजा करतात आणि उरलेल्या फरकाचा ठरावीक टक्का त्या नेमबाजाला भर म्हणून देतात. फरकाच्या ८० टक्के धरून वरच्या तिघांचा हिशेब करू. स्पर्धा पन्नास चकत्यांची आहे.

सुभेदारांची सरासरी ४६ आहे. पन्नासला ४ कमी, त्याचे ८० टक्के ३.२, म्हणजे भर ३. शेतकर्‍याची सरासरी ३४, फरक १६, त्याचे ८० टक्के १२.८, म्हणजे भर १३. विद्यार्थिनीची सरासरी २४, फरक २६, त्याचे ८० टक्के २०.८, म्हणून भर २१. हे आकडे स्पर्धा सुरू होण्याआधी फलकावर लावायचे असतात. नंतर लावले तर त्यांवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सुभेदार ४६ फोडतात, म्हणजे भरीसह ४९. शेतकर्‍याचा दिवस चांगला असतो, तो ३७ फोडतो आणि १३ मिळून ५० होतात. विद्यार्थिनी २७ फोडते आणि ४८ वर थांबते. शेतकरी पहिला, सुभेदार दुसरे, विद्यार्थिनी तिसरी. सुरुवातीला ज्या फलकाने गोंधळात टाकले, तो हाच. शेतकर्‍याने सुभेदारांपेक्षा चांगला नेम मारला असे हा फलक म्हणत नाही. स्वतःच्या नेहमीच्या नेमापेक्षा तो त्या दिवशी जास्त वर गेला, एवढेच म्हणतो.

शंभर टक्के भर का देत नाहीत

भर द्यायचीच तर पूर्ण फरक का भरून काढू नये, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग याच्या उत्तरात आहे.

पूर्ण फरक दिला तर तिघांनीही आपापली सरासरी गाठल्यावर तिघांचे ५० होतात. वरवर पाहता ही बरोबरी झाली. पण सरासरी सारखी करून चालत नाही, कारण गुणांची चढ-उतार सगळ्यांची सारखी नसते. सुभेदारांना वर जायला चारच चकत्यांची जागा शिल्लक आहे. पन्नासच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही. शंभरातल्या ९२ चकत्या फोडणार्‍याचे गुण पन्नासांत साधारण दोनने इकडे-तिकडे हलतात, तर निम्म्याच्या आसपास फोडणार्‍याचे साडेतीनने हलतात. नुसत्या योगायोगाने होणारी ही हालचाल आहे. तब्येत, वारा आणि सराव यांचा फरक त्यात धरलेलाच नाही. म्हणून पूर्ण भर दिली की जिंकण्याची शक्यता कच्च्या नेमबाजाकडे झुकते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की क्लबमध्ये सुभेदार दोन असतात आणि नवखे वीस असतात. वीसांतल्या कोणा एकाचा तरी दिवस त्या दिवशी फुलणारच, आणि दर स्पर्धेला नवखाच जिंकू लागतो.

८० टक्क्यांत सगळे आपापल्या सरासरीवर राहिले तर सुभेदार ४९, शेतकरी ४७ आणि विद्यार्थिनी ४५ वर येतात. चांगल्या नेमबाजाला थोडी आघाडी राहते आणि इतरांना ती आघाडी मोडायला नेहमीपेक्षा चांगले मारावे लागते. ८० हा आकडा कोणत्या शास्त्राने दिलेला नाही. नवखे फार असतील तर तो ७५ वर आणावा, जवळजवळ सगळे सारख्या ताकदीचे असतील तर ८५ वर न्यावा. दोन-तीन स्पर्धांच्या निकालांवर नजर टाकून बक्षिसे एकाच गटाकडे जातात का ते पाहिले, की आकडा कुठे हलवायचा ते कळते.

गुणांना हात न लावता: अंतराची पद्धत

अमेरिकेत ट्रॅपच्या हँडिकॅप स्पर्धा वेगळ्या रीतीने होतात. तिथे कोणाच्या गुणांत भर पडत नाही. नेमबाज जितका पक्का, तितका तो यंत्रापासून मागे उभा राहतो. नेहमीची रेषा यंत्राच्या मागे १६ यार्डांवर, म्हणजे सुमारे १४.६ मीटरवर असते आणि सर्वांत पक्क्या नेमबाजाची रेषा २७ यार्डांवर, म्हणजे जवळपास २४.७ मीटरवर असते. स्पर्धा जिंकली किंवा मोठे गुण केले की नेमबाजाला पुढच्या वेळी मागे सरकावे लागते. ही कल्पनाही नवी नाही, जिवंत कबुतरांच्या काळातही नावाजलेल्या नेमबाजाला मागच्या रेषेवर उभे करत.

दहा मीटरने एवढा काय फरक पडतो, असे वाटेल. चकती ताशी ६५ ते ७० किलोमीटरच्या वेगाने दूर जात असते, त्यामुळे मागच्या रेषेवरच्या नेमबाजाने तेवढ्याच चपळाईने चाप ओढला तरी छर्‍यांना दहा मीटर जास्त जावे लागते. तोवर छर्‍यांचा पसारा मोठा आणि विरळ झालेला असतो. तळहाताएवढी चकती त्या विरळ जागेतून सहीसलामत निघून जाऊ शकते, आणि नेम अगदी थोडा चुकला तरी ती चूक अंतराबरोबर वाढते.

या पद्धतीचा गुण असा की फलकावरचे आकडे खरेखुरे फोडलेल्या चकत्यांचे असतात आणि प्रेक्षकाला समजावावे लागत नाही. दोष असा की तिला आखलेल्या रेषांचे पक्के मैदान लागते, स्कीटसारख्या प्रकारात ती बसत नाही आणि सुरक्षिततेचा एक कठोर नियम पाळावा लागतो. एकाच तुकडीत पुढच्या आणि मागच्या रेषेवरचे नेमबाज मिसळून चालत नाहीत, कारण मागच्याच्या बंदुकीच्या तोंडासमोर पुढचा माणूस येण्याची भीती असते. तुकड्या साधारण सारख्या अंतराच्याच कराव्या लागतात. आपल्याकडच्या छोट्या क्लबने या पद्धतीच्या नादी लागू नये, असे मला वाटते.

ज्यांची सरासरीच नाही त्यांचे काय

भर काढायला जुने गुण लागतात. नवा क्लब पहिली स्पर्धा भरवतो तेव्हा ते कुठून आणायचे? अंदाजाने ठरवले तर तोंड पाहून ठरवल्याचा आरोप येतो, आणि तो बहुधा खराही असतो. अशा वेळी ल्युईस पद्धत कामाला येते. तिच्यात आधी काहीच ठरवत नाहीत. सगळे नेमबाज मारून झाले की गुणांची उतरती यादी लावतात आणि तिचे सारखे भाग करतात. समजा २४ नेमबाज आले आणि चार गट करायचे आहेत, तर यादीतले पहिले सहा एका गटात, पुढचे सहा दुसर्‍या गटात, असे चार गट पडतात आणि प्रत्येक गटाच्या पहिल्याला बक्षीस मिळते. म्हणजे यादीत पहिला, सातवा, तेरावा आणि एकोणिसावा आलेला. गटाची रेषा सारख्या गुणांवर पडली तर ती वर सरकवायची की खाली, हा नियम मात्र आधी जाहीर केलेला हवा.

यात सहाव्याला काही मिळत नाही आणि सातव्याला मिळते, हे खटकते खरे. ही पद्धत कौशल्याइतकेच नशिबालाही बक्षीस देते. पण गटाची रेषा कुठे पडणार हे कोणालाच ठाऊक नसल्याने लबाडी करायला जागा उरत नाही. पहिल्या वर्षी ल्युईस पद्धतीने स्पर्धा घ्याव्यात, प्रत्येकाचे गुण वहीत नोंदवत जावे आणि पुरेसे गुण जमले की दुसर्‍या वर्षापासून भर द्यावी, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

चांगल्या नेमबाजावर हा अन्याय नाही का

वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या माणसाने हरावे आणि नवख्याने करंडक न्यावा, ही तक्रार प्रत्येक क्लबमध्ये होते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे एक उत्तर व्यवस्थेचे आहे: भर न धरता कच्च्या गुणांचे बक्षीस नेहमी वेगळे ठेवावे, आणि ते हँडिकॅपच्या बक्षिसापेक्षा कमी मानाचे नसावे. एका नेमबाजाला दोन्ही बक्षिसे घेता येतील का, हेही आधीच ठरवावे.

दुसरे उत्तर हिशेबात आहे. भरीसह गुण पन्नासच्या वर मोजायचे नाहीत, असा नियम बहुतेक ठिकाणी ठेवतात. शेतकर्‍याने ४२ फोडले तर १३ मिळून ५५ होतात, पण फलकावर ५० च लागतात. या नियमामुळे सुभेदारांनी ४७ फोडले की ३ मिळून त्यांचेही ५० होतात, आणि मग त्यांना मागे टाकणे कोणालाच शक्य नसते. फार तर बरोबरी होते. पक्क्या नेमबाजाचे जिंकणे असे त्याच्या स्वतःच्या हातात राहते. नवख्यालाही ५० गाठता येतात, पण त्यासाठी त्याला आपल्या सरासरीच्या बरेच वर जावे लागते.

या नियमाने बरोबर्‍या मात्र वाढतात. त्या सोडवायला जादा दहा चकत्यांची फेरी घेतात. तिच्यात भर अजिबात धरली नाही तर हँडिकॅपचा सगळा खटाटोप शेवटच्या पाच मिनिटांत वाया जातो, म्हणून भरही पाचव्या हिश्शाने द्यावी: सुभेदारांच्या ३ चा पाचवा हिस्सा ०.६, म्हणजे १, आणि शेतकर्‍याच्या १३ चा २.६, म्हणजे ३.

ऑलिंपिकमध्ये यातले काही नसते, कारण तिथला प्रश्नच वेगळा आहे. जगात सर्वोत्तम कोण हे तिथे ठरवायचे असते आणि तिथे पोहोचणारे निवडूनच आलेले असतात. क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत पुढच्या महिन्यातही तीस माणसे यावीत, हा हेतू असतो.

मुद्दाम चुकवणारे

दोन लहान स्पर्धांत हेतुपुरस्सर वाईट मारायचे, सरासरी पाडून घ्यायची आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी वाढलेल्या भरीसह खरा नेम दाखवायचा, हा हँडिकॅपवरचा जुना रोग आहे. गोल्फमध्येही तो आहे. त्यावर नेमबाजाच्या चेहर्‍याकडे पाहून निदान होत नाही, वहीकडे पाहून होते.

सरासरी सगळ्या स्पर्धांची न काढता शेवटच्या पाचांतल्या सर्वोत्तम तीनांची काढली, तर मुद्दाम पाडलेले गुण हिशेबात येतच नाहीत. ज्याने हँडिकॅपचे बक्षीस घेतले त्याची भर पुढच्या स्पर्धेसाठी लगेच दोनने कापावी, सरासरी हलण्याची वाट पाहू नये. भरीला वरची मर्यादा असावी. पन्नास चकत्यांत २० ठेवली, तर वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीला २१ ऐवजी २० मिळतील आणि तिचे फारसे बिघडणार नाही. नवख्याने तीन स्पर्धांचे गुण वहीत नोंदवल्याशिवाय हँडिकॅपचे बक्षीस घेऊ नये. बाहेरून आलेल्या पाहुण्याने आपल्या क्लबचे गुणपत्रक आणावे, नसेल तर त्याने कच्च्या गुणांतच खेळावे. हा शेवटचा नियम कडक वाटतो, पण पाहुणा करंडक घेऊन गेल्यावर होणारी भांडणे त्याहून कडक असतात.

खानदेशात भरवायची झाली तर

गणित सुटले तरी मैदान सुटत नाही. बारीक छर्रे वापरले तरी ते मारणार्‍याच्या पुढे दोन-अडीचशे मीटरपर्यंत पडतात, म्हणून समोर आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे तीनशे मीटरच्या टापूत माणूस, गुरे, वाट किंवा विजेची तार नको. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात अशी मोकळी जागा बाराही महिने मिळणे कठीण. कापूस उपटून झाल्यावर उघडी पडलेली शेते आणि माळरान हीच खरी सोय. छर्रे बहुधा शिशाचे असतात आणि शिसे जमिनीत साठत जाते, त्यामुळे पिकाच्या शेतात वारंवार स्पर्धा घेऊ नयेत. पडीक जागा पाहावी.

मारण्याची दिशा उत्तर किंवा ईशान्य ठेवली तर सूर्य डोळ्यांत येत नाही. तापीकाठच्या तालुक्यांत त्या दिशेला सातपुडा येतो आणि धुरकट डोंगरापुढे नारिंगी रंगाची चकती काळ्या चकतीपेक्षा चांगली दिसते. मे महिन्यातले जळगावचे ऊन माणसांइतकेच चकत्यांनाही सोसत नाही. पिच मऊ पडतो, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि छर्रे लागूनही नीट फुटत नाहीत. मग एखाद्याची भर बरोबर असली तरी दुपारच्या तुकडीचे गुण सकाळच्या तुकडीपेक्षा विनाकारण कमी येतात. पेट्या सावलीत ठेवाव्यात, आणि पक्के व कच्चे नेमबाज सगळ्या तुकड्यांत वाटून द्यावेत, म्हणजे उन्हाचा त्रास एकाच गटाला होत नाही. सहा जणांची तुकडी पंचवीस चकत्यांची फेरी साधारण वीस-पंचवीस मिनिटांत उरकते. चोवीस नेमबाजांच्या दोन फेर्‍या म्हणजे आठ तुकडी-फेर्‍या आणि १२०० चकत्या. यंत्र एकच असेल तर सकाळी सातला सुरू करून अकरापर्यंत आटोपते.

राहिले कागदपत्र. शॉटगनला शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतो आणि नेमबाजीचा क्लब किंवा रेंज चालवण्याचाही परवाना शस्त्र नियम २०१६ प्रमाणे घ्यावा लागतो. पीकसंरक्षणासाठी मिळालेली बंदूक स्पर्धेत चालेल असे गृहीत धरू नये. परवान्यावरच्या अटी वाचून जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. बर्‍हाणपूरकडून कोणी येणार असेल तर त्याचा परवाना महाराष्ट्रातही लागू आहे ना, हे नाव नोंदवतानाच तपासावे. तारीख ठरवताना निवडणुकांचे वेळापत्रकही पाहावे, कारण त्या काळात परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि भरीचा तक्ता फलकावर लागूनही बंदुका ठाण्यात, अशी वेळ येऊ शकते.